चाळीस फुटी जुनी नौका, लाकडावर फायबर चढवलेली: घ्यावी की सोडून द्यावी?

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. दापोली तालुक्यातील एका बंदरावर आमचे घर आहे. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नौकांवर तांडेल, म्हणजे नौका चालवणारा प्रमुख, म्हणून काम केले. आता मी आणि धाकटा भाऊ मिळून स्वतःची नौका घेण्याच्या विचारात आहोत. नवी बांधणे आवाक्याबाहेरचे असल्यामुळे जुन्या नौका पाहत आहोत, आणि त्यांपैकी श्रीवर्धन तालुक्यातील एका नौकेविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे.

नौका चाळीस फुटांची, लाकडी, २००९ साली बांधलेली आहे. फळ्या सागाच्या आणि फासळ्या ऐनाच्या असल्याचे मालक सांगतात. २०२० च्या पावसाळ्यात तिच्यावर बाहेरून फायबर चढवण्यात आले. इंजिन अशोक लेलँडचे, सहा सिलिंडरचे, तीन वर्षांपूर्वी बसवलेले आहे. नौका गिलनेटवर, म्हणजे मासे अडकवणाऱ्या उभ्या जाळ्यावर, चालते. जाळी, जीपीएस, फिश फाइंडर आणि वायरलेस धरून अकरा लाख रुपये मागितले आहेत. ‘फायबर केल्यापासून लाकडाची काळजीच उरलेली नाही’ असे मालकांचे म्हणणे आहे. १ जूनला मासेमारी बंद होण्यापूर्वी व्यवहार पुरा करावा, कारण दुसरे एक गिऱ्हाईक तयार आहे, असेही ते सांगतात.

आम्ही एकदा जाऊन नौका पाहिली. ती जेट्टीला पाण्यातच बांधलेली होती. रंग नुकताच दिलेला होता, इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले आणि आत तळाशी पाणी नव्हते. वडिलांना चालवण्याचा अनुभव दांडगा आहे, पण विकत घेताना काय तपासावे याविषयी त्यांनाही खात्री वाटत नाही. नेमके काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि अकरा लाख ही किंमत योग्य आहे का, हे कृपया सांगावे.

सागऐन

आमच्या घरात तीन पिढ्या नौका बांधण्याचे आणि दुरुस्तीचे काम होत आले आहे, त्यामुळे मी फक्त लाकडाविषयी लिहितो. इंजिनाचे आणि कागदांचे इतर जाणकार सांगतील.

पहिली गोष्ट अशी की पाण्यात उभी असलेली नौका पाहून सौदा ठरवू नये, मग दुसरे गिऱ्हाईक खरे असो वा नसो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारच्या सुमारास येते आणि पूर्ण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे असते. मालकांना सांगून दुपारच्या भरतीला नौका वाळूवर लावून घ्यावी. मे महिन्यात संध्याकाळी सातपर्यंत उजेड असतो, तेवढ्या वेळात संपूर्ण तळ पाहून होतो. क्रेन लागत नाही, खर्चही जवळपास नाही. एवढ्यालाही मालक नकार देत असतील, तर पुढचे वाचण्याची गरज नाही.

आता फायबरविषयी. लाकडावर फायबर चढवणे वाईट नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या पद्धतीवर काम केले आहे, आणि नीट केलेल्या आवरणामुळे लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किडीपासून खरोखर संरक्षण मिळते. मात्र त्यासाठी आवरण चढवण्याच्या वेळी लाकूड आतपर्यंत कोरडे असावे लागते. आपल्याकडे अडचण येते ती येथेच. नौका किनाऱ्यावर निवांत उभ्या असतात त्या जून-जुलैत, म्हणजे वर्षातल्या सर्वांत दमट दिवसांत. ज्यांना काम मनापासून करायचे असते ते उन्हाळ्यातला धंदा बुडवून नौका वर काढतात, तिला काही आठवडे वाळू देतात आणि मग फायबर करतात. तुमच्या नौकेला फायबर पावसाळ्यात झाले आहे, त्यामुळे आत ओल कोंडली गेली असण्याची शक्यता गृहीत धरूनच तपासणी करावी. बाहेरून बंद झालेल्या लाकडात एकदा ओल राहिली की ती बाहेर पडत नाही, फळी आतल्या आत कुजत जाते आणि वरचा रंग मात्र चकचकीत राहतो. शिवाय बहुतेक ठिकाणी फायबर चिकटवायला पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्याची लाकडावरची पकड इपॉक्सीइतकी टिकाऊ नसते. मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) किती थर दिले आणि रेझिन कोणते होते, हे काम करणाऱ्या कारागिराला गाठून विचारावे. मालकांना ते बहुधा ठाऊक नसते.

दुसरी शंका मला त्या सालामुळे येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्याच परिसरात किनाऱ्याला धडकले होते. त्या दिवशी ही नौका कोठे होती, हे मालकांना आणि त्याहून अधिक आग्रहाने बंदरावरच्या इतर खलाशांना विचारावे. त्या वादळात अनेक नौका एकमेकींवर आपटल्या, काही खडकावर चढल्या. त्यानंतर लगेच फायबर झाले असेल, तर ते कशावर झाले हा प्रश्न उरतोच. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाविषयीही हेच विचारावे. मालकांनी काही लपवले आहे असे मी म्हणत नाही. वादळात लागलेली नौका चांगली दुरुस्त होऊ शकते, पण त्या दुरुस्तीची माहिती खरेदीदाराला असली पाहिजे.

तपासताना लहान लाकडी हातोडी घेऊन नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागेपर्यंत, पाण्याच्या रेषेखाली, वीतभर अंतरावर ठोकत जावे. जेथे फायबर लाकडाला घट्ट धरून आहे तेथे आवाज टणक आणि आखूड येतो, सुटले असेल तेथे तो पोकळ आणि बसका येतो. अशा जागांवर खडूने खुणा कराव्यात, म्हणजे शेवटी एकूण चित्र डोळ्यांसमोर येते. पठाणाच्या (तळाच्या मधल्या लांब कण्याच्या) दोन्ही बाजूंची पहिली फळी, नाळेचा खालचा भाग आणि पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या वरची जागा या तीन ठिकाणी विशेष वेळ द्यावा. नंतर नाळेपासून मागच्या टोकापर्यंत पठाणाच्या कडेने दोरी ताणून पाहावी. पठाण मधोमध वर उचलला गेला असेल किंवा खाली बसला असेल, तर त्या नौकेचा विचार सोडून द्यावा. फळी बदलता येते, वाकलेला पठाण या किमतीच्या नौकेत बदलणे परवडत नाही.

बाहेरून पाहण्याइतकेच आतून पाहणे महत्त्वाचे आहे, कारण आतल्या बाजूने लाकूड उघडे असते. अनेकांचा समज उलटा असतो, पण नौकेचे लाकूड खाऱ्या पाण्याने सहसा कुजत नाही, ते कुजते गोड्या पाण्याने. म्हणून डेकमधून पावसाचे पाणी गळते त्या जागा आणि बर्फाच्या खणाचा तळ येथे सर्वांत आधी शोधावे. खणाला आतून थर्मोकोलचे किंवा पफचे (उष्णतारोधक फोमचे) अस्तर आणि त्यावर फायबर असते. वितळलेल्या बर्फाचे पाणी त्या अस्तरामागे झिरपले की तेथल्या फासळ्या वर्षानुवर्षे ओल्या राहतात आणि कोणाच्या नजरेलाही पडत नाहीत. त्यामुळे खणाच्या तळाचे हातभर अस्तर कापून पाहण्याची परवानगी मागावी आणि ते पुन्हा बसवण्याचा खर्च आपण द्यावा. फासळ्यांत टोकदार स्क्रूड्रायव्हर दाबून पाहावा. चांगल्या ऐनात तो शिरत नाही. खिळ्यांभोवती लाकूड काळे पडले असेल आणि गंजाचे ओघळ असतील, तर खिळ्यांची पकड संपत आली आहे असे समजावे. शक्य असल्यास आतून, फायबरपर्यंत न पोचता, बारीक ड्रिलने दोन-तीन फळ्यांत छिद्र घेऊन भुसा हातावर पाहावा. तो कोरडा आणि लाकडाच्या मूळ रंगाचा असला पाहिजे. काळपट आणि ओला भुसा निघाला, तर पुढे काही सांगावे लागत नाही.

तळाशी पाणी नव्हते, याला मी फारसे महत्त्व देणार नाही. गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर पंप कोणीही चालवतो. न कळवता भल्या पहाटे एकदा जाऊन पाहावे.

सोसायटीकार

सागऐन यांचे म्हणणे लाकडापुरते बिनतोड आहे, पण क्रमाबाबत माझा मतभेद आहे. मी मच्छीमार सहकारी संस्थेच्या कामात बराच काळ घालवला आहे. ज्या नौकेचे कागद सदोष आहेत तिचा पठाण दोरीसारखा सरळ असला तरी ती मालकाला समुद्रावर जाऊ देत नाही. कागद पाहण्यास एक सकाळ पुरते आणि नौका वाळूवर लावावी लागत नाही, म्हणून ते आधी पाहावेत.

नौकेची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळ खरेदीदार एक कागद पाहून दुसरा गृहीत धरतात. नोंदणी व्यापारी नौवहन कायद्याखाली, आता रिअलक्राफ्ट या ऑनलाइन प्रणालीवर होते. परवाना मात्र महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली मिळतो आणि तो विशिष्ट पद्धतीच्या मासेमारीसाठी असतो. परवान्यावर गिलनेट लिहिले आहे का, त्याची मुदत चालू आहे का आणि तो विक्रेत्याच्याच नावाचा आहे का, हे पाहावे. नौका विकत घेतली म्हणून परवाना आपोआप तुमचा होत नाही, नव्या मालकाला आपल्या नावाने अर्ज करावा लागतो. तुमच्या प्रकरणात नौका रायगड जिल्ह्यातून रत्नागिरी जिल्ह्यात येणार असल्यामुळे मत्स्यव्यवसाय विभागाच्या दोन्हीकडच्या सहाय्यक आयुक्त कार्यालयांशी संबंध येईल. पैसे देण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन हस्तांतरणाला कोणते कागद लागतील याची यादी तोंडी न घेता लिहून घ्यावी.

तुमच्या प्रश्नातील एका वाक्याने माझे लक्ष वेधले. नौका २००९ ची आणि इंजिन तीन वर्षांपूर्वीचे आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिनाचा मेक, क्रमांक आणि अश्वशक्ती लिहिलेली असते. बदललेल्या इंजिनाची नोंद झाली आहे का? झाली नसेल तर डिझेलवरील कराच्या परताव्याचा प्रश्न उभा राहतो, कारण कोटा नोंदीतल्या इंजिनावर ठरतो. विमा कंपनीही दाव्याच्या वेळी सर्वांत आधी हेच ताडून पाहते. प्रमाणपत्र हातात घेऊन इंजिनावर कोरलेला क्रमांक टॉर्चच्या उजेडात स्वतः वाचावा. मालकाने वाचून दाखवलेला क्रमांक ऐकून समाधान मानू नये.

त्यानंतर बोजा. आपल्या किनाऱ्यावर अनेक यांत्रिक नौका राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून, सहकारी संस्थांमार्फत उभ्या राहिल्या आणि त्यांपैकी बऱ्याच थकबाकीत गेल्या. या नौकेवर निगमाचे, बँकेचे किंवा संस्थेचे कर्ज कधी होते का, असल्यास फिटल्याचा दाखला कोठे आहे, अनुदान घेतले असल्यास विक्रीवर काही अट आहे का, हे विक्रेत्याच्या संस्थेत जाऊन विचारावे आणि संस्थेचे ना हरकत पत्र घ्यावे. १९८१ च्या अधिनियमाखाली नौकेवर एखादे प्रकरण प्रलंबित आहे का, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे. २०२१ च्या सुधारणेनंतर दंड पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढले आहेत आणि निर्णयाचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले आहेत, त्यामुळे ही चौकशी एकाच कार्यालयात होते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. पर्ससीनच्या (माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या) नौकांचे भाव ऐकून गिलनेटच्या नौकेची किंमत ठरवू नका. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानंतर पर्ससीनचे नवे परवाने थांबले, म्हणून तेथे जुन्या नौकेबरोबर परवान्यालाही भाव येतो. गिलनेटला तसे काही नाही, आणि विक्रेता ‘कागदांची किंमत’ म्हणून वेगळे पैसे मागत असेल तर ती मागणी मान्य करण्याचे कारण नाही.

डिझेलमिस्त्री

कागद आधी की लाकूड आधी हा वाद दोघा ज्येष्ठांनी सोडवावा, इंजिन मात्र शेवटी पाहावे असे मलाही वाटते. इंजिन बदलता येते. तरीही इंजिनावरून मालकाने नौका कशी वापरली हे कळते, म्हणून थोडे लिहितो.

पहिल्याच झटक्यात सुरू झाले, असे तुम्ही लिहिले आहे. तुम्ही पोचण्यापूर्वी ते गरम केलेले नव्हते कशावरून? पुढच्या वेळी सुरू करण्याआधी ब्लॉकला हात लावून ते थंडगार असल्याची खात्री करावी. सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो, तो लवकर नाहीसा झाला पाहिजे. निळसर धूर राहिला तर इंजिन ऑइल जाळत आहे, आणि भार दिल्यावर काळा धूर येत असेल तर इंजेक्टर, पंप किंवा आकाराने चुकीचा पंखा यांपैकी काहीतरी आहे. चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहावे. तेथून जोराने वाफारा येत असेल तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत. डिपस्टिकवरचे किंवा गिअर बॉक्समधले ऑइल दुधट दिसले, तर पाणी आत शिरले आहे.

आपल्याकडची बरीच इंजिने मुळात ट्रकची असतात आणि ती समुद्रासाठी तयार करून बसवलेली असतात. त्यात गैर काही नाही, सुटे भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात हा उलट फायदाच आहे. प्रश्न थंड करण्याच्या व्यवस्थेचा असतो. हीट एक्स्चेंजर असून ब्लॉकमध्ये गोडे पाणी फिरते, की खारे पाणी थेट ब्लॉकमधून जाते, हे विचारावे. दुसऱ्या प्रकारात तीन वर्षांचे इंजिनही आतून खाल्लेले असू शकते.

जेट्टीला उभे राहून इंजिन ऐकण्याला चाचणी म्हणत नाहीत. खाडीच्या बाहेर नेऊन किमान अर्धा तास पूर्ण वेगाने चालवावे आणि तापमानाचा काटा एका जागी स्थिरावतो का, हे पाहावे. सारखा वर चढत राहिला तर परत फिरावे. त्याच वेळी शाफ्टच्या ग्लँडकडे, म्हणजे शाफ्ट नौकेबाहेर जातो तेथल्या पाणी अडवणाऱ्या जोडाकडे, एकाने बसून राहावे. शाफ्ट फिरताना थेंब थेंब पाणी येणे योग्यच आहे, धार लागता कामा नये. पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे असा गिअर टाकून पाहावा. परत आल्यावर लगेच तळाची फळी उचलून पाणी किती साचले ते पाहावे, कारण भाराखाली अंग पिळवटले की सुटलेले सांधे तेव्हाच बोलतात.

नौका वाळूवर असताना पंखा हाताने वर-खाली हलवून पाहावा. ठळक खडखड जाणवली तर बेअरिंग गेले. पितळी पंख्यावर गुलाबी डाग दिसले तर त्यातले जस्त निघून गेले आहे आणि पाती ठिसूळ झाली आहेत. इतर धातू खाऱ्या पाण्यात झिजू नयेत म्हणून तळाला लावलेल्या जस्ताच्या वड्यांवर कोणी रंग फासला असेल, तर मालक देखभालीविषयी किती जाणतो हे तेवढ्यावरून समजावे. रंगाखाली जस्त काहीच काम करत नाही.

आता जूनची अडचण. १ जून ते ३१ जुलै नौका बाहेर नेता येत नाही, म्हणजे तेव्हा तळ निवांत पाहता येतो पण चाचणी होत नाही. मे संपण्याआधी दोन्ही होत असेल तर उत्तम. नसेल तर घाईने पूर्ण पैसे देऊ नका.

वाटणी

तिन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. मला वेगळाच प्रश्न विचारायचा आहे: ही नौका चांगली निघाली, तरी ती तुमच्या कामाची आहे का?

चाळीस फुटी गिलनेटरला घरचे तीन पुरुष पुरत नाहीत. आणखी तीन-चार खलाशी लागतात, आणि हंगामापूर्वी त्यांना उचल द्यावी लागते. ती रक्कम नौकेच्या किमतीत कोणीही धरत नाही. शंभर अश्वशक्तीचे डिझेल इंजिन पूर्ण भारावर तासाला ढोबळमानाने अठरा ते वीस लिटर डिझेल घेते. जाऊन-येऊन सहा तासांची वाट धरली तर जाळे टाकण्याआधीच शंभर लिटरच्या वर हिशेब जातो. वेग थोडा उतरवला की हा खर्च बराच घटतो हे खरे, पण पापलेट-सुरमई घेऊन लिलावाची वेळ गाठायची असते तेव्हा वेग कोणी उतरवत नाही. डिझेल, बर्फ आणि रेशन वजा जाऊन जे उरते त्यातून वाटणी होते, आणि मालकाच्या वाट्यातून जाळी, दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता भागवायचा असतो. हंगाम ऑगस्ट ते मे असा कागदावर दहा महिन्यांचा असला तरी वादळी वारे, सणवार आणि मासळीचा दुष्काळ वजा केल्यावर तो पुष्कळ आखूड होतो.

तुमच्या घरात एक अनुभवी तांडेल आणि दोन तरुण आहेत. अठ्ठावीस ते बत्तीस फुटांची, मुळातच फायबरची बांधलेली, लहान इंजिनाची नौका तुम्ही तिघे आणि एखादा खलाशी चालवू शकता. ती कमी मासळी आणेल, पण मासळी नसलेल्या आठवड्यात तुम्हाला कर्जबाजारीही करणार नाही. मालकांच्या सोबत येणाऱ्या जाळ्यांचे मोलही नीट पाहा. वापरलेले नायलॉन उन्हाने कडक झाले असेल आणि हाताने ताणल्यावर तुटत असेल, तर त्याची किंमत भंगाराची आहे.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सागऐन काका, आपण सांगितल्याप्रमाणे पौर्णिमेच्या उधाणाला नौका वाळूवर लावून घेतली. मालकांनी आधी आढेवेढे घेतले, पण नंतर ते तयार झाले. जे आढळले ते येथे मांडतो.

पठाण सरळ आहे, दोरी लावून दोन वेळा पाहिले. डाव्या बाजूला नाळेपासून साधारण सहा ते दहा फुटांच्या पट्ट्यात, पाण्याच्या रेषेखाली, आवाज स्पष्टपणे पोकळ येतो. त्याच जागी आतून तीन फासळ्यांना शेजारी नवे लाकूड लावून बोल्ट मारलेले आहेत. बंदरावरच्या एका वृद्ध खलाशाने सांगितले की निसर्ग वादळात ही नौका शेजारच्या नौकेवर आदळली होती. मालकांना विचारल्यावर त्यांनीही ते मान्य केले. कोणी विचारले नाही म्हणून सांगितले नव्हते, असे त्यांचे म्हणणे पडले. पठाणाशेजारच्या फळीतून त्याच पट्ट्यात घेतलेला भुसा काळपट आणि ओला निघाला. उजव्या बाजूचा कोरडा होता. खणाचे अस्तर कापू देण्यास मात्र मालकांनी नकार दिला.

इंजिन थंड असताना सुरू झाले, धूर लवकर विरला आणि अर्ध्या तासाच्या चाचणीत तापमान स्थिर राहिले. हीट एक्स्चेंजर आहे. ग्लँड ठीक वाटले. नोंदणी प्रमाणपत्रावर अजून जुन्याच, चार सिलिंडरच्या इंजिनाची नोंद आहे. कर्ज नाही, संस्थेची थोडी बाकी आहे. परवाना चालू आहे.

वडिलांचा कल अजूनही घेण्याकडे आहे, कारण इंजिन उत्तम आहे. मालक आता नऊ लाखांवर आले आहेत. वाटणी यांनी मांडलेला लहान नौकेचा मुद्दा भावाला पटला आहे, मला निर्णय होत नाही.

सागऐन

तपासणी तुम्ही चांगली केली आहे, आणि तुमच्या वडिलांचेही एका अर्थी बरोबर आहे. या नौकेत विकत घेण्यासारखी मुख्य वस्तू इंजिन हीच आहे. मग किंमतही त्याच हिशेबाने काढावी. इंजिन आणि गिअर बॉक्स सुटे विकले तर आज काय येईल, हे डिझेलमिस्त्रींसारख्या माणसाकडून विचारून घ्यावे. त्यात जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस आणि चांगली असतील तेवढी जाळी मिळवावीत, आणि लाकडाच्या सांगाड्याची किंमत शून्य धरावी. जो आकडा येईल तो माझ्या मते या नौकेचा भाव. तो नऊ लाखांच्या जवळपासही जाणार नाही.

सांगाडा शून्य धरण्याचे कारण असे. डाव्या बाजूची ती जागा दुरुस्त करायची तर फायबर सोलून काढावे लागेल, कुजलेल्या फळ्या बदलाव्या लागतील, जोडलेल्या तीन फासळ्या काढून पूर्ण लांबीच्या बसवाव्या लागतील आणि सर्व वाळल्यावर पुन्हा फायबर करावे लागेल. अंगाशेजारी बोल्ट मारून जोडलेली फासळी तात्पुरती चालते, मात्र तिचा भार शेजारच्या चांगल्या फासळ्यांवर पडत राहतो. फायबर सोलायला घेतले की ते सुटलेल्या जागेपुरते थांबत नाही, आणि खाली काय निघेल हे आज कोणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही. पठाण सरळ आहे म्हणून दुरुस्ती शक्य आहे, एवढेच मी म्हणेन. ती पावसाळ्यात करू नये, म्हणजे पुढच्या हंगामाचा काही भाग बुडेल हेही धरावे लागेल.

खणाच्या अस्तराला नकार मिळाला, ही गोष्ट मला त्या ओल्या भुशापेक्षा अधिक खटकते. भरपाई देऊ करूनही मालक हातभर अस्तर उघडू देत नाहीत, तेव्हा तेथे काय आहे हे त्यांना ठाऊक आहे किंवा त्यांना स्वतःलाच पाहण्याची भीती वाटते. पुन्हा एकदा विचारा. उघडू दिले आणि फासळ्या टणक निघाल्या, तर वरच्या हिशेबाने भाव सांगून बघा. नाही म्हणाले, तर धाकट्या भावाचे ऐका आणि लहान फायबर नौका शोधा. तीही हातोडी घेऊन पाहा. फायबरच्या नौकेत मागच्या फळीच्या आत प्लायवूड असते आणि तेच आधी कुजते. इंजिन मागे टांगलेले असेल तर ते हाताने वर-खाली दाबून मागची फळी लवते का, हे पाहावे.

सोसायटीकार

व्यवहार करायचे ठरलेच तर दोन गोष्टी करारात घालून घ्या. इंजिन बदलल्याची नोंद विक्रेत्याने स्वतःच्या नावावर असतानाच करून द्यावी आणि संस्थेची बाकी फेडून दाखला द्यावा. हे दोन्ही होईपर्यंत इसाऱ्यापलीकडे रक्कम देऊ नये. नोंद न बदलता नौका तुमच्या नावावर आली, तर चुकीच्या इंजिनाचे उत्तर यापुढे तुम्हाला द्यावे लागेल. करार मुद्रांक कागदावर करावा, त्यात इंजिनाचा क्रमांक, जाळ्यांची संख्या आणि सर्व उपकरणे नावानिशी लिहावीत, आणि पैसे बँकेतूनच द्यावेत. नौकेवर ट्रान्सपाँडर (नौकेचे ठिकाण कळवणारे उपकरण) बसवलेला असल्यास त्याचीही नोंद नव्या मालकाच्या नावाने करून घ्यावी.

खलाशांना विक्रेत्याने उचल दिली असेल आणि ते ‘नौकेबरोबर येतील’ असे सांगितले जात असेल, तर त्या उचलीचा हिशेब कोणाकडे राहणार हे आधीच लिहून घ्या. ऑगस्टमध्ये जेट्टीवर सर्वाधिक भांडणे मी याच कारणावरून पाहिली आहेत.